‘सेटल्ड’ या एका शब्दापायी: पूर्व लंडनमधल्या एका सिक्स्थ फॉर्म विद्यार्थ्याचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि सारख्याच दोन-तीन प्रकरणांतले धागे एकत्र केले आहेत. नियम, फी आणि मुदती मात्र त्या त्या वेळी होत्या तशाच दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या नव्या सरकारी शाळा काढायला १९९८ च्या कायद्याने बंदी आहे. जुन्या १६३ ग्रामर स्कूल तेवढ्या उरल्या आहेत. सोळाव्या वर्षी मात्र गुणांवर निवड करायला कुठल्याही सरकारी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे तिथल्या बारावी-तेरावीच्या वर्गांना, मोकळीक आहे. या मोकळिकीतूनच गेल्या दहा-बारा वर्षांत लंडनमध्ये, विशेषतः न्यूहॅमसारख्या गरीब बरोमध्ये (बरो म्हणजे शहराचा प्रशासकीय विभाग), फी न घेणारी पण प्रवेशाला कडक अशी सिक्स्थ फॉर्म उभी राहिली. त्याच बरोतल्या ब्रॅम्प्टन मॅनर अकॅडमीला २०२१ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ५५ ऑफर मिळाल्या, ईटन या महागड्या खासगी शाळेला ४८. तेव्हापासून ‘सरकारी शाळेने ईटनला मागे टाकले’ हे वाक्य पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरते आहे. या प्रकरणातले कॉलेज ते नव्हे. ते आकाराने लहान आहे, पण त्याच साच्याचे.

प्रवेशाची अट अशी: जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेला, किमान पाच विषयांत ७ ग्रेड (सर्वांत वरची ९), फर्दर मॅथ्स, म्हणजे जादा गणित, घ्यायचे तर गणितात ८. अर्ज अकरावीच्या हिवाळ्यात, मग छोटी मुलाखत, आणि पक्की नावनोंदणी ऑगस्टमध्ये निकालाच्या दिवशीच, निकालाचा कागद हातात घेऊन. (इंग्लंडमधली ‘अकरावी’ म्हणजे जीसीएसईचे वर्ष.) त्या दिवशी पासपोर्ट आणि व्हिसाचे कार्डही पाहतात. सरकारकडून दर मुलामागे पैसे मिळायचे तर मूल त्या निधीला पात्र असल्याचा पुरावा फाइलमध्ये असावा लागतो. ही फाइल पुढे महत्त्वाची ठरली.

विद्यार्थी मूळ पुण्याचा. वडील सॉफ्टवेअरमध्ये, नोकरीच्या व्हिसावर. आई, वडील आणि मुलगा तिघेही १८ जानेवारी २०२० ला एकाच विमानाने लंडनला उतरले. मुलगा थेट नववीत बसला आणि दोन महिन्यांत लॉकडाउन लागले. तरी २०२२ च्या जीसीएसईत गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्रीत ९, इंग्रजीत ७. सिक्स्थ फॉर्ममध्ये त्याने गणित, फर्दर मॅथ्स आणि फिजिक्स घेतले. बारावीच्या जूनमधल्या अंतर्गत परीक्षेवरून प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शेवटच्या ए-लेव्हल परीक्षेसाठी कॉलेजने वर्तवलेले ग्रेड, ठरले: तिन्ही ए-स्टार, म्हणजे सर्वोच्च. इंजिनिअरिंगसाठी पहिली पसंती केंब्रिज.

अभ्यासाच्या बाजूने कॉलेजचे काम चोख होते. ४,००० अक्षरांच्या पर्सनल स्टेटमेंटचे, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निवेदनाचे, पाच खर्डे तपासले गेले. प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे एनगाच्या, सरावाला सप्टेंबरपासून आठवड्याला दोन तास होते. एनगा दोन तासांची होती, कॅल्क्युलेटरविना, आधी तासाभरात ४० प्रश्न, मग तासाभरात २०. हुशार मुले दुसऱ्या तासात अडत, कारण तिथे एकेका प्रश्नात तीन-चार पायऱ्या असत आणि पहिल्या तासाच्या वेगाची सवय हातातून सुटत नसे. म्हणून सराव फक्त दुसऱ्या भागाचा, घड्याळ लावून. २०२३ मध्ये १५ ऑक्टोबर रविवारी आला, त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १६ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ ची होती. मुलाचा अर्ज चार दिवस आधीच गेला.

अडचण

युकॅस या युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेच्या अर्जात ‘रेसिडेन्शियल कॅटेगरी’ नावाचा एक प्रश्न असतो. उत्तरांची यादी उघडते, त्यातले एक निवडायचे. मुलाने ‘सेटल्ड’ निवडले.

त्यात लबाडी नव्हती. घरात चार वर्षे हाच शब्द कानावर होता. पुण्याची आत्या फोनवर म्हणायची, “आता काय बाबा, तुम्ही लंडनला सेटल झालात!” मराठीत सेटल होणे म्हणजे नोकरी, भाड्याचे का होईना घर, मुलांची शाळा. ब्रिटिश कायद्यात ‘सेटल्ड’ म्हणजे देशात राहण्यावर कालमर्यादा नसणे, म्हणजे नागरिकत्व किंवा आयएलआर, कायम वास्तव्याची परवानगी. नोकरीच्या व्हिसावरचे कुटुंब, कितीही कर भरत असले तरी, सेटल्ड नसते.

होम फी, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांची कमी फी, मिळायला इंग्लंडमध्ये बहुतेकांना दोन अटी एकाच दिवशी पुऱ्या कराव्या लागतात. कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी सेटल्ड असला पाहिजे, आणि त्याआधीची सलग तीन वर्षे तो शिक्षणाखेरीज अन्य कारणाने देशात राहत असला पाहिजे. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या कोर्ससाठी हा दिवस १ सप्टेंबर. वर्ग ऑक्टोबरात भरोत, तारीख तीच.

दुसऱ्या अटीची चिंता नव्हती. पहिलीची होती. नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षे पुरी झाल्यावर आयएलआर मागता येते. कुटुंबाची पाच वर्षे १८ जानेवारी २०२५ ला भरणार होती आणि कोर्स सप्टेंबर २०२४ ला सुरू होणार होता. साडेचार महिने कमी पडत होते.

हे कळले नोव्हेंबर २०२३ मध्ये, केंब्रिजच्या कॉलेजकडून फी-स्टेटसची प्रश्नावली आली तेव्हा. त्यात ‘सेटल्ड आहात का’ एवढेच विचारलेले नव्हते. कोणता कागद, कोणत्या तारखेचा, त्याची प्रत जोडा, असे होते. मुलाने वडिलांकडे व्हिसाचे कार्ड मागितले आणि त्यावरची मुदत वाचून दोघेही गप्प झाले.

सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या बाजूने बघितले तर चूक याहून बोचरी आहे. त्याच कार्डाची प्रत ऑगस्ट २०२२ पासून कार्यालयाच्या फाइलमध्ये होती. निधीसाठी पात्रता तपासणारी बाई आणि युकॅसचे अर्ज तपासणारे शिक्षक एकाच इमारतीत, एक मजला सोडून बसत. एकाचा कागद दुसऱ्याने कधी मागितला नाही. शिक्षकांनी पर्सनल स्टेटमेंटमधला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासला. रेसिडेन्शियल कॅटेगरी हा मुलाचा खासगी मामला म्हणून सोडून दिला.

पालकांचाही एक समज आड आला, आणि तो फार घरांत असतो: सरकारी शाळा फुकट मिळाली, सिक्स्थ फॉर्मही फुकट मिळाले, म्हणजे युनिव्हर्सिटीतही आपण ‘इथलेच’. शाळेची पात्रता आणि युनिव्हर्सिटीची फी यांचे नियम एकमेकांशी बोलत नाहीत.

पर्याय

मुलाखत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होती. हातात जेमतेम तीन आठवडे.

पहिला पर्याय: ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची, फी भरायची. होम फी तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड आणि तीही कर्जाऊ. ओव्हरसीजला केंब्रिजमध्ये इंजिनिअरिंगची फी चाळीस हजारांच्या आसपास, शिवाय केंब्रिजमधल्या कॉलेजची वेगळी फी सुमारे दहा हजार, आणि सरकारी कर्ज नाही. चार वर्षांचा आकडा दोन लाख पौंडांच्या घरात, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. पुण्यातला फ्लॅट विकायचा का, इथपर्यंत बोलणे गेले.

दुसरा पर्याय वडिलांना पहिल्यांदा सर्वांत शहाणपणाचा वाटला: पहिले वर्ष ओव्हरसीज फी भरू, जानेवारीत आयएलआर मिळेल, दुसऱ्या वर्षापासून होम फी लागेल. हे होत नाही. कोर्स सुरू असताना फी-स्टेटस बदलण्याची काही कारणे नियमांत आहेत, उदाहरणार्थ निर्वासित म्हणून मान्यता मिळणे. मधेच आयएलआर मिळणे हे त्यांत बसत नाही. १ सप्टेंबरला जे असाल तेच चारही वर्षे. बऱ्याच कुटुंबांचे पैसे याच गैरसमजात जातात, आणि तोवर मूल वर्गात बसलेले असते.

तिसरा पर्याय: हाच अर्ज डिफर्ड एन्ट्रीत बदलून घ्यायचा, म्हणजे निवड आत्ता, प्रवेश २०२५ मध्ये. फी ठरते ती प्रत्यक्ष सुरुवातीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरवरून, म्हणून हिशेब जुळत होता. शिवाय इंजिनिअरिंगमध्ये मधल्या वर्षाकडे वाईट नजरेने बघत नाहीत, गणितात बघतात.

चौथा: अर्ज मागे घ्यायचा आणि निकाल हाती आल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्याने करायचा. सुटसुटीत वाटते, पण मग प्रवेशपरीक्षा पुन्हा. आणि एनगाची ती शेवटची खेप होती. पुढच्या वर्षीपासून तिच्या जागी इसॅट ही नवी परीक्षा येणार होती, जिचे जुने पेपर कुणाकडेच नव्हते.

पाचवा, डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता पदवी, फी मालक आणि सरकारकडून. तिथे सेटल्ड असण्याची अट नाही, तीन वर्षांचे वास्तव्य पुरते. पात्रता असूनही यावर कुणी गंभीरपणे बोलले नाही. आमच्या मते इथे घर आणि कॉलेज दोघेही केंब्रिज या नावापाशी अडकले होते.

एक गोष्ट उघड लिहायला हवी. कॉलेजमधल्या पहिल्या बैठकीत सूर असा होता की आत्ता काही न बोलता मुलाखत देऊ द्या, ऑफर आल्यावर बघू. मुलाच्या मनावर ताण नको हे कारण दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण या कॉलेजांचे नाव जानेवारीतल्या ऑफरच्या आकड्यावर चालते, आणि अर्ज मध्येच हलवला तर तो आकडा एकाने कमी व्हायची भीती होती. शेवटी उपप्राचार्यांनी निर्णय फिरवला. त्यांचा मुद्दा साधा होता: अर्जात चुकीची माहिती गेली आहे, ती कळल्यावरही गप्प बसलो तर ती चूक राहत नाही.

काय केले

आधी तारखा. आयएलआर खरोखर जानेवारी २०२५ मध्ये मिळेल का, हे ठरल्याशिवाय एक वर्ष थांबण्यात अर्थ नव्हता. मुलाला आयएलआर मिळायला आई आणि वडील दोघेही सेटल्ड असावे लागतात किंवा त्याच्याबरोबरच व्हावे लागतात. पाच वर्षांत कुठल्याही सलग १२ महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहिलेले चालत नाही, आणि ही अट आईलाही लागू होती.

आईची २०२१ ची फेरी अडचणीची होती. नाशिकला तिच्या आईचे आजारपण. १२ मार्चला लंडन सोडले आणि २३ एप्रिलला ब्रिटनने भारत कोविडच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे कडक प्रवासनिर्बंधांच्या यादीत, टाकला. परतायचे तर १,७५० पौंड भरून दहा दिवस हॉटेलात राहा, म्हणून ती थांबली. ८ ऑगस्टला भारत रेड लिस्टमधून निघाला, २२ ऑगस्टला ती परतली. त्याच वर्षी १८ डिसेंबर ते ५ जानेवारी अशी आणखी एक फेरी, लग्नाची.

वडिलांनी एका रात्री एक्सेलमध्ये आकडे टाकले: १६४ अधिक १९, एकूण १८३. तीन दिवस जास्त. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखे होते.

चूक मोजण्यात होती. फक्त पूर्ण दिवस धरतात. लंडन सोडल्याचा आणि लंडनला उतरल्याचा दिवस धरत नाहीत. पहिली फेरी १३ मार्च ते २१ ऑगस्ट, १६२ दिवस. दुसरी १९ डिसेंबर ते ४ जानेवारी, १७ दिवस. एकूण १७९. ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून मुंबई विमानतळाचे येण्या-जाण्याचे शिक्के, बोर्डिंग पास आणि विमान कंपनीचे ईमेल लावून प्रत्येक तारीख दोनदा पडताळली. रात्रीच्या विमानात हमखास गोंधळ होतो: लंडनहून १२ ला निघालेल्या माणसाच्या पासपोर्टवर मुंबईचा शिक्का १३ चा असतो. नाशिकच्या हॉस्पिटलची कागदपत्रेही मागवून ठेवली, कुणी १७९ वर शंका घेतलीच तर.

हे काम कॉलेजने केले नाही, आणि करायचेही नव्हते. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीकृत सल्लागार किंवा वकिलानेच द्यायचा असा कायदा आहे. शिक्षकाने “मिळेल हो आयएलआर” म्हणणेही त्यात बसत नाही. कुटुंबाने सॉलिसिटरचा एक तास घेतला आणि लेखी मत मागितले. कॉलेजने आपल्या बाजूचे केले: पाचही युनिव्हर्सिटींना एकाच मजकुराचे पत्र. त्यात तीनच गोष्टी होत्या. रेसिडेन्शियल कॅटेगरी चुकली, बरोबर उत्तर हे. कुटुंबाची पाच वर्षे अमुक तारखेला पुरी होतात. म्हणून २०२५ च्या प्रवेशासाठी विचार व्हावा. कारुण्य नाही, विनवणी नाही. असे पत्र प्रवेश कार्यालयात एका बैठकीत निकालात निघते. तीन पानी कहाणी बाजूला पडून राहते.

केंब्रिजच्या कॉलेजने नऊ दिवसांत होकार कळवला. उरलेल्या चारांपैकी दोघांनी हो म्हटले, एकाने ‘ऑफरनंतर विचारा’, एकाने नाही. मुलाखत ठरल्या दिवशीच झाली. जानेवारीअखेर ऑफर आली: दोन ए-स्टार, एक ए, आणि हे ग्रेड २०२४ च्या उन्हाळ्यातच मिळवायचे. प्रवेश वर्षभराने असला तरी अट वर्षभराने सरकत नाही, हे मुलाला दोनदा सांगावे लागले. मार्चच्या सराव परीक्षेत फिजिक्सला बी आला होता.

निकाल

१५ ऑगस्ट २०२४: गणित ए-स्टार, फर्दर मॅथ्स ए-स्टार, फिजिक्स ए. अट बरोबर पुरी, वर काही शिल्लक नाही.

मधले वर्ष वाटले तितके मोकळे नव्हते. मुलगा मार्च २०२४ मध्ये अठरा वर्षांचा झाला होता. आई-वडिलांवर अवलंबून म्हणून आयएलआर मागणारे मूल अठरा ओलांडलेले असेल तर ते ‘स्वतंत्र आयुष्य’ जगत नसल्याचे दाखवावे लागते. नोकरी चालते, पण शिक्षणासाठी बाहेर असल्याखेरीज राहणे आई-वडिलांकडेच हवे. त्याला मिडलंड्समधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत वर्षभराची चांगली जागा मिळत होती. तिथे खोली घेऊन राहावे लागले असते. ती सोडली आणि घरून ट्रेनने पन्नास मिनिटांवरच्या एका छोट्या चाचणी प्रयोगशाळेत टेक्निशियनची नोकरी धरली. पगार कमी, काम बहुतेक नमुने कापण्याचे. शिवाय अठरा ओलांडल्यामुळे लाइफ इन द यूके ही ब्रिटनविषयीच्या सामान्यज्ञानाची परीक्षा त्यालाही द्यावी लागली: ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यांतले १८ बरोबर हवेत, फी ५० पौंड.

आयएलआरचा अर्ज पाच वर्षे भरण्याच्या २८ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे २१ डिसेंबर २०२४ पासून. तिघांनी त्याच आठवड्यात केला. माणशी २,८८५ पौंड, तिघांचे ८,६५५. साध्या रांगेत सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, म्हणजे जूनअखेर. १ सप्टेंबरला तरीही दोन महिने राहिले असते. पण फीसाठी अर्जाची तारीख धरत नाहीत, परवानगी मिळाल्याची धरतात, आणि एखादा कागद मागून घेतला तर सहाचे आठ महिने होतात. माणशी ५०० पौंड जास्त भरून प्रायॉरिटी, म्हणजे जलद निर्णयाची सेवा, घेतली. आमच्या मते दोन लाख पौंडांच्या पुढे हे दीड हजार योग्यच गेले. जानेवारीत तिघांना परवानगी मिळाली. व्हिसाची प्लास्टिक कार्डे ३१ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली होती, म्हणून ई-व्हिसाचा शेअर कोड (ऑनलाइन व्हिसा दुसऱ्याला तपासता येईल असा कोड) युनिव्हर्सिटीला आणि पुढे स्टुडंट फायनान्स या विद्यार्थी-कर्जाच्या सरकारी यंत्रणेला दिला. फी-स्टेटस होम झाले, पहिल्या वर्षाची फी ९,५३५ पौंड.

गणित गंजू नये म्हणून त्याने केंब्रिजच्याच फुकट आयझॅक फिजिक्स साइटवर आठवड्याला दोन संध्याकाळी उदाहरणे सोडवायचे ठरवले होते. ख्रिसमसपर्यंत ते चालले, मग सुटले, आणि जूनमध्ये धावपळ करून पुन्हा सुरू झाले.

कुठे वेगळे करता आले असते

सगळ्यात स्वस्त क्षण बारावीच्या सप्टेंबरात होता. तेव्हा कळले असते तर अर्ज सुरुवातीपासून २०२५ साठी गेला असता, डिफर्ड एन्ट्री न देणारी युनिव्हर्सिटी यादीत आली नसती, आणि घरून जाता येईल अशी बरी नोकरी शोधायला वर्ष मिळाले असते. मिडलंड्सची जागा नियमामुळे गेली, पण तिच्या तोडीची जागा घराजवळ सापडली नाही ती उशिरामुळे.

दुसरा क्षण डिसेंबर २०२१ चा. लग्नाला जाताना १८० चा हिशेब कुणाच्या डोक्यात नव्हता. परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे असते तर आकडा १८१ झाला असता.

अप्रेंटिसशिपचा पर्याय निदान तासभर तरी टेबलावर ठेवायला हवा होता. आयएलआर अडली असती तर हाताशी दुसरे काहीच नव्हते.

याच मुलाचे सगळे तसेच ठेवून नियम तेवढे बदलले तर? मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत आयएलआरची पाच वर्षे दहा करण्याचा प्रस्ताव आला. चौदाव्या वर्षी आलेल्या मुलाला मग एक वर्ष थांबून भागणार नाही. अशा घरांनी लांब वास्तव्याचा दुसरा नियम पाहावा: अठरा ओलांडलेल्याचे निम्मे आयुष्य ब्रिटनमध्ये गेले असेल, किंवा अठराच्या आतल्याची सात वर्षे, तर सेटल्ड नसतानाही होम फी मिळू शकते. आठव्या वर्षी आलेल्या मुलाला तो उपयोगी पडतो, चौदाव्या वर्षी आलेल्याला नाही.

कॉलेजने २०२४ पासून बारावीच्या पहिल्या महिन्यात एक पानी कागद भरून घ्यायला सुरुवात केली. त्यावर ‘सेटल्ड’ हा शब्द कुठेही नाही. चार रकाने आहेत: देशात उतरल्याची तारीख, हातातला कागद कोणता, त्याची मुदत, आणि आई-वडिलांच्या याच तीन गोष्टी. भरलेल्या कागदाची एक प्रत कार्यालयाच्या फाइलमध्ये लागते, दुसरी एक मजला वर जाते.